गादी कशाला म्हणायचं

मंगळवार, ६

आणि वर म्हणतो 'तत्सम'! सही माझ्या सख्ख्या दिराची. मी लग्न होऊन आले तेव्हा ज्याला चड्डीची नाडी बांधता येत नव्हती, तो आज मला वकिलाच्या कागदावरून कळवतो, की माझी लांब उशी ही उशीच नाही. ती म्हणे 'गादी व तत्सम वस्तू' आहे, तेव्हा पंधरा दिवसांत बनवणं थांबवा. नाही थांबवलं तर करारात लिहिलंय तसं होईल. कारखाना तीन वर्षं बंद, गिऱ्हाइकं त्यांची.

कसली गादी? वृद्धाश्रमाच्या नर्सबाई आल्या होत्या. ज्यांना स्वतः कुशीवर होता येत नाही त्यांच्या पाठीशी लावायला माणसाएवढी लांब उशी पाहिजे, म्हणाल्या. मी शिवून दिली. त्यांना आवडली, अजून मागितल्या. एवढाच माझा गुन्हा. त्या उशीवर कोणी झोपत नाही, ती मागे असते. पण नाही, लांब दिसली ना, मग ती गादीची बहीण.

हे गेल्यावर वर्षाच्या आत वाटणी झाली. दुकान, दुकानावरची पाटी, पिंजणाचं मोठं यंत्र, सगळ्या गाद्या धाकट्याला. मला उश्या आणि मागची पत्र्याची शेड. बाईमाणसाला उश्या झेपतील, असं कोणीतरी म्हणालं होतं. कोण ते आता आठवत नाही, पण धाकट्याच्या तोंडावर तेच लिहिलेलं होतं. करार झाला. पहिल्याच पानावर 'व्याख्या' म्हणून भाग. गादी क्षेत्र म्हणजे गाद्या व तत्सम वस्तू. उशी क्षेत्र म्हणजे उश्या व तत्सम वस्तू. एकाने दुसऱ्याच्या क्षेत्रात पाय ठेवायचा नाही. मी तेव्हा रडत होते, सही करून मोकळी झाले. तत्समचा अर्थ विचारायला शुद्धीवर कोण होतं?

लेक म्हणते, "आई, आधी वहीत ओरड, मग माणसांवर." म्हणून लिहितेय. शाळा चौथीत सुटली, अक्षर कोंबडीच्या पायासारखं आहे. मला लागतंय ना, झालं तर.

सोडणार नाही मी त्याला.

गुरुवार, ८

वकीलबाईंकडे गेले. लेकीपेक्षा चार वर्षांनी मोठी असेल नसेल. टेबलावर फाईलींचा ढीग आणि मध्ये अर्धं खाल्लेलं सफरचंद. नोटीस वाचली, करार वाचला आणि म्हणाली, "मावशी, हा करार कोणी लिहिला? यात काहीच सांगितलेलं नाही. तत्सम म्हणजे त्यासारखं. कशासारखं, कशात सारखं, लांबीत, कामात, मालात? ज्याला जे वाटेल ते."

"म्हणजे तो म्हणेल ते?"

"तो म्हणेल ते, तुम्ही म्हणाल ते आणि शेवटी कोर्ट म्हणेल ते. त्यात पाच वर्षं जातील. त्यापेक्षा दोघांनी बसून पुरवणी करार करा. व्याख्या नीट लिहा, की भांडण संपलं."

भांडण संपवायला मी आले नव्हते. पण ऐकून घेतलं.

मग तिने पेन काढलं. "सांगा, गादी म्हणजे काय?"

मी तिच्याकडे बघत राहिले. "गादी म्हणजे गादी. तू रात्री कशावर झोपतेस?"

"मी चटईवर. पाठ दुखते माझी."

"मग मेलं कठीणच आहे तुला समजावणं."

हसली. म्हणाली, कागदाला पाठ नसते, त्याला सगळं सांगावं लागतं. मग स्वतःच म्हणाली, "असं लिहू या का? जिच्यावर माणूस पूर्ण आडवा झोपतो ती गादी. शरीराच्या एखाद्या भागाला आधार देते ती उशी. तुमची लांब उशी सुटली आणि त्यांच्या गाद्या त्यांच्याकडे राहिल्या."

चांगलंच होतं. माझी उशी सुटत होती. पण त्याचं काय? त्याला काहीच झालं नाही. मला तीन वर्षं बंद करायला निघाला होता आणि त्याला नुसतं "बरं, चुकलं" म्हणून सोडायचं? मी म्हटलं, विचार करून सांगते.

शनिवार, १०

दुकानात गेले. हो, मुद्दाम. नोटीस आल्यापासून पहिल्यांदा.

दारातच थबकले. कापसाचा वास नाही! पूर्वी पायरीवरूनच नाकात जायचा, शिंका यायच्या. आता आत नुसते फोमचे ठोकळे, भिंतीला लावून छतापर्यंत. पिवळे, पांढरे, चीज कापल्यासारखे. पिंजणाच्या यंत्रावर जुनी चादर टाकलेली आणि त्यावर हिशेबाची डबडी.

जाऊ गल्ल्यावर होती. "या ताई, आज कशी आठवण झाली?"

"नोटीस मिळाली, म्हटलं पोच द्यावी."

"अय्या, पोस्टाने दिली असती तरी चाललं असतं." असं गोड बोलते की कानात मुंग्या येतात. "मोठी ऑर्डर आहे ना, वसतिगृहाची. सगळा फोम. ह्यांना जेवायला सवड नाही."

तेवढ्यात धाकटा आतून आला. मला बघून चपला काढल्या त्याने, आपल्याच दुकानात. खुर्ची सरकवली. "वहिनी, गुडघा कसा आहे?"

"गुडघा बरा आहे, भाऊजी. तुम्ही कसे आहात?"

तेवीस वर्षांत मी त्याला कधी तुम्ही म्हटलेलं नाही. त्याचं तोंड असं झालं, जणू कोणी गरम चहा अंगावर सांडला. मला बरं वाटलं. खरं सांगायचं तर फारच बरं वाटलं.

मी फोमवर हात दाबला. हात उचलला की लगेच वर. काही लक्षातच ठेवत नाही तो माल. मी म्हटलं, "हा फाटला, बसला, की काय करता?"

"टाकून देतात वहिनी. नवीन घेतात. कापूस आता कोण घेतो? उसवा, पिंजा, भरा, एवढा वेळ आहे कोणाला?"

घरी येताना अर्ध्या रस्त्यात एकदम सुचलं. हे नेहमी म्हणायचे: जी उसवता येते, जिच्यातला कापूस पिंजून परत भरता येतो, ती गादी. बाकी सगळं अंथरूण. नवीन कामगार आला की पहिल्या दिवशी हेच ऐकवायचे, हातात दाभण देऊन.

मग फोमची कसली गादी? मुळीच नाही ती गादी.

सोमवार, १२

वकीलबाईला सांगितलं, असं लिही. तिने सुंदर करून लिहिलं, मी इथे उतरवून घेते, कारण हे वाचून मला रोज आनंद होणार आहे.

'गादी म्हणजे कापूस भरून, टाके घालून शिवलेली आणि उसवून, कापूस पिंजून पुन्हा भरता येईल अशी वस्तू. उशी म्हणजे वरील व्याख्येत न बसणारी, शरीराला आधार देणारी कोणतीही भरलेली वस्तू.'

तत्सम काढून टाकायला लावलं. तो शब्द मला या जन्मात परत दिसायला नको.

तिने पेन खाली ठेवलं. "मावशी, याचा अर्थ कळतोय ना? त्यांची सहा फुटांची फोमची गादी कागदावर उशी ठरेल. म्हणजे तुमच्या क्षेत्रात येईल. ते बनवायला लागले की करार मोडला."

"कळतोय म्हणून तर."

"ते सही करणार नाहीत."

"करेल. तो करार वाचत नाही, आकडा वाचतो. इथे आकडाच नाही."

"बरं. आणि तुमचा माल? तुमचा सगळा माल या व्याख्येतून नीट सुटतो ना? एकदा शांतपणे बघा. दोन्ही बाजूंनी बघायची असते ही गोष्ट."

"उशीला गादी कोण म्हणेल ग? बायका हसतील."

"मी अजून एकदा विचारते—"

"तू शंभरदा विचार. शिक्का मार."

तिने एका वेगळ्या कागदावर माझी सही घेतली, की तिने मला विचारलं होतं. पोरीला स्वतःच्या बुद्धीपेक्षा कागदावर जास्त भरवसा.

शुक्रवार, १६

सह्या झाल्या! वकीलबाईच्या ऑफिसात. धाकटा, जाऊ, मी आणि लेक. लेक कोपऱ्यात बसून नखं खात होती. तिला हे सगळं आवडत नाहीये. तिच्या काकाने तिला सायकल शिकवली, ते तिच्या डोक्यातून जात नाही.

धाकट्याने कागद घेतला. मला वाटलं होतं मागचं पान उलटून सरळ सही करेल. नाही केली. चष्मा लावला आणि वाचत बसला. एकदा वाचलं. मग बोट ठेवून परत वाचलं. ओठ हलत होते.

जाऊ म्हणाली, "काय आहे त्यात एवढं? आपल्या वकिलांना दाखवू या आधी."

त्याने शेवटपर्यंत वाचलं. मग मान वर करून मला म्हणाला, "हे दादाचं वाक्य आहे ना?"

मी म्हटलं, "वाक्य कोणाचंही असेल, आता कराराचं आहे."

"त्याने मला दाभण दिलं तेव्हा हेच म्हणाला होता." परत कागदाकडे बघितलं. "वहिनी, हे तुलाही लागू होतं. बघितलंस ना नीट?"

"मला शिकवू नका भाऊजी. करायची तर सही करा."

जाऊने त्याचा हात धरला. "अहो, फोमचं काय?" ती हुशार आहे, तिला वास लागला होता. त्याने तिचा हात बाजूला केला, हळूच, आणि सही केली. पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. तो एरवी नुसता कोंबडा काढतो.

मी घरी येईपर्यंत हसत होते. रिक्षावाल्याने विचारलं, लॉटरी लागली का मावशी?

मंगळवार, २०

काही विशेष नाही. काम खूप. शेजारच्या शाळेच्या मुख्याध्यापिकेच्या जुन्या उश्या आल्या होत्या. उसवल्या, कापूस गोळे गोळे झालेला, पिंजून घेतला, उन्हात टाकला, परत भरल्या. टाकेवाली म्हणाली, नव्यापेक्षा जुन्या कापसाला भरताना हाताला बरं वाटतं. वीस वर्षं आमच्याकडे आहे, पण अजून वाकडी शिवते. मी तिला तसं सांगितलं. ती म्हणाली, तुमचा स्वभाव उसवता आला असता तर बरं झालं असतं.

वृद्धाश्रमाच्या लांब उश्या निम्म्या झाल्या. बघते आता कोण अडवतो.

गुरुवार, २९

आज नोटीस पाठवली. वसतिगृहाचा माल निम्मा तयार होईपर्यंत थांबले होते. टाकेवालीचा भाचा धाकट्याकडे लोडिंगला जातो, त्याच्याकडून कळलं. नोटिशीत लिहिलंय, आपण उशी क्षेत्रात बेकायदा शिरला आहात, पंधरा दिवसांत थांबवा. त्यांचेच शब्द, फक्त उलटे. आता त्यांना कळू दे, असा कागद हातात आल्यावर कसं वाटतं.

वकीलबाई म्हणाली, "मावशी, एकदा फोन तरी करा."

मी म्हटलं, तो करेल.

मंगळवार, ३

धाकट्याने फोन केला नाही. उत्तर नाही, वकील नाही, काही नाही. दुकानाचं शटर अर्धं खाली. दोन कामगार पायरीवर बसून पत्ते खेळत होते. भाचा सांगतो, फोम कापणं त्याच दिवशी थांबवलं. पंधरा दिवस घेतलेसुद्धा नाहीत. वसतिगृहवाले आरडाओरडा करून गेले.

जिंकले मी.

लेक आज माझ्याशी बोलली नाही. वरण फिकं झालं होतं ते मीठ न मागता खाल्लं.

शुक्रवार, ६

जाऊ आली. माझ्या शेडमध्ये. लग्नानंतर तिने इथे पाय ठेवला असेल तर एकदा, पाऊस होता म्हणून. आज गोड बोलायचं सोडून आली होती. केसात सकाळचं तेल तसंच.

"झालं समाधान?" दारातूनच.

"बसा."

"बसायला नाही आले. काय केलंय ते बघायला आले. आमचे दोघं कामगार घरी गेले. ऑर्डर गेली. हे सकाळी उठतात आणि त्या चादर घातलेल्या यंत्रासमोर जाऊन बसतात. बोलत नाहीत. तुम्हाला हेच पाहिजे होतं ना?"

"पहिली नोटीस कोणी पाठवली?"

"आम्ही. नाही म्हणत नाही. तुमच्या लांब उश्यांची धास्ती वाटली, आज उशी, उद्या गादी. चुकलं असेल. पण मारताना आम्ही समोरून मारलं."

मग ती आत आली. टाकेवालीकडे बघत होती. टाकेवाली जुनी उशी उसवत होती, मांडीवर कापूस, डोळ्याला चष्मा, कुठे भांडण चाललंय याची तिला शुद्ध नव्हती.

जाऊ पुढे गेली आणि उशीच उचलली. "हे काय आहे ताई?"

"उशी. दिसत नाही?"

"कापूस भरलेली. टाके घालून शिवलेली. उसवून, पिंजून परत भरता येणारी." एकेक शब्द असा टाकला, जणू मोजून देत होती. "कागदावर काय म्हणतात हिला?"

 मला कळलंच नाही आधी. मग कळलं.  शेडभर बघितलं. फळीवर, खाली, पोत्यात, उन्हात. सगळ्या गाद्या. माझ्या सगळ्या उश्या गाद्या.

"सह्या झाल्या त्याच दिवशी मी ह्यांना म्हटलं होतं," जाऊ म्हणाली. "आपल्यावर नोटीस आली की आपणही पाठवायची. कागद तयार करून ठेवला होता मी वकिलाकडून. तुमची नोटीस आली त्या दिवशी सहीसाठी पुढे ठेवला. ह्यांनी फाडला. म्हणाले, वहिनीला बंद करायचं नाही. फोम बंद करू."

"त्याला माहीत होतं?"

"ते वाचत बसले होते तेव्हा तुम्ही बघत नव्हता का? मला आज कळलं असं वाटतं का तुम्हाला?"

उशी टाकेवालीच्या मांडीवर परत ठेवली, कापूस झटकला आणि गेली. टाकेवाली म्हणाली, "धाकट्या वहिनी होत्या का? बऱ्या होत्या बोलायला."

शनिवार, ७

वकीलबाईकडे. तिने वाचलं, परत वाचलं आणि तो माझ्या सहीचा वेगळा कागद काढून टेबलावर ठेवला.  नुसता ठेवला. मी तिला एवढं ओरडले की बाहेरची माणसं डोकावली. ती ऐकत बसली, मग सफरचंद पुढे केलं.

"मावशी, सोपं आहे. दोघांनी मिळून नवीन पुरवणी करा. माझी आधीची व्याख्या घाला, झोपायचं ती गादी, आधाराची ती उशी. त्यांचा फोम त्यांच्याकडे, तुमचा कापूस तुमच्याकडे. पण आधी तुमची नोटीस मागे घ्या आणि त्यांना भेटून सांगा."

"म्हणजे त्याच्या पाया पडू?"

"भेटा म्हटलं."

"त्याने मला सोडलं. कळतंय का तुला? तीन आठवडे माझी शेड त्याच्या मेहेरबानीवर चालली आणि मला माहीत नव्हतं. मी जिंकले म्हणून हसत होते, रिक्षात! आणि तो तिकडे बसून मला... मला काय करत होता तो?"

"मला वाटतं, सांभाळत होते."

मी उठून आले. सांभाळणं! चड्डीची नाडी मी बांधून दिली त्याची. मला सांभाळणारा हा कोण?

दुपारी शेडमध्ये जाऊन सांगितलं, काम बंद. उश्या शिवायच्या नाहीत. टाकेवाली म्हणाली, वृद्धाश्रमाच्या? त्यासुद्धा. म्हणाली, म्हातारी माणसं कुशीवर कशी राहतील? मी म्हटलं, मला विचारू नको, माझ्या दिराला विचार. कापूस पोत्यात बांधला, कुलूप घातलं. त्याने फोम बंद ठेवला ना? मग मीही कापूस बंद ठेवते. कागदावर जे लिहिलंय ते मी पाळीन, अक्षर अन् अक्षर. त्याच्या उपकारावर एक टाका घालणार नाही.

सोमवार, ९

नर्सबाईंचा दोनदा फोन. घेतला नाही. टाकेवाली सकाळी येऊन कुलपासमोर बसली होती, घरी सांगितलं नाही म्हणे, सवयीने आले. तिला चहा दिला.

लेक म्हणाली, "तू काकाला शिक्षा करतेयस का स्वतःला?" मी म्हटलं, अभ्यास कर.

मग चिठ्ठी लिहिली. लेक उद्या सकाळी कॉलेजला जाताना ती काकाला देणार आहे. इथे आधी उतरवते, म्हणजे नंतर कोणी म्हणायला नको मी दुसरंच लिहिलं होतं.

'धाकट्या,

तू वाचलं होतंस. बोट ठेवून वाचलं होतंस. तुला कळलं होतं की मी स्वतःलाच अडकवतेय. एकदा विचारलंस, हे मान्य. दुसऱ्यांदा का नाही विचारलंस? मी ओरडते म्हणून? मी तर तू दहा वर्षांचा होतास तेव्हाही ओरडत होते.

तुझ्या बायकोने कागद केला होता तो तू फाडलास, हे मला तिच्याकडून कळलं. तुझ्याकडून का नाही कळलं? तू दुकान बंद करून बसलास आणि मला जिंकू दिलंस. अशी जिंकलेली गोष्ट मला नको. मला दया नको. भीक नको. मी शेडला कुलूप घातलंय, तुझी नोटीस आलेली नसताना, कारण कागदावर मी चुकीची आहे आणि मला ते लपवायचं नाही. आता आपण दोघंही बंद. बघू कोणाचा हट्ट मोठा.

तुझ्यापुढे दोनच गोष्टी आहेत. एक, माझ्यावर नोटीस पाठव. रीतसर, वकिलाकडून, मी तुला पाठवली तशी. मी भोगीन, रडणार नाही. किंवा दुसरं, इथे ये आणि माझ्या तोंडावर सांग, सही का केलीस. दादाचं वाक्य होतं म्हणून, एवढं सांगून चालणार नाही. दादा मेला. मी जिवंत आहे, मला विचारायचं होतंस.

बायकोला आणलंस तरी चालेल. तिने समोरून मारलं म्हणते, खरं आहे. वकीलबाई शनिवारी दुपारी तीनपर्यंत ऑफिसात असते आणि वृद्धाश्रमवाले शनिवारनंतर थांबणार नाहीत. शेडमध्ये ये. चहा मिळणार नाही. चष्मा आण.

नोटीस की तू, शनिवारी दुपारच्या आत मला उत्तर पाहिजे.'